तंबाखू आणि कर्करोग : संबंध ठरला कसा ?

(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ सालापर्यंत सातारा जिल्ह्यातच मोडत असत. पुढे जिल्हे विभागले गेले. परंतु कृष्णाकाठच्या माणसांच्या सवयी काही विभागल्या गेल्या नाहीत. पाहुणा ओसरीवर टेकला की पाण्याच्या तांब्यापाठोपाठ त्याच्यापुढे चंची सरकवावी, बांधावर दोन शेतकरी भेटले की एकाने तंबाखू काढावी व दुसऱ्याने चुन्याची डबी उघडावी, आणि पहाटे चूल पेटली की तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिसरी घरातील बायकांनी दातांना लावावी, ही रीत दोन्ही जिल्ह्यांत सारखीच आहे. ज्या वस्तूला आपण आदरातिथ्यात इतके मानाचे स्थान दिले, ती वस्तू प्राणघातक आहे असे कोणी म्हटले, तर ते म्हणणे आपल्या गळी सहजासहजी उतरत नाही. म्हणूनच तंबाखू सोडा असा नुसता उपदेश न करता, तंबाखूचा आणि कर्करोगाचा संबंध विद्वानांनी कोणत्या रीतीने ठरविला, हे सांगण्याचा मी आज प्रयत्न करणार आहे. माणसाला एकदा कारण पटले, म्हणजे उपदेशाची फारशी गरज उरत नाही, असा एका जुन्या शिक्षकाचा अनुभव आहे.

एका खेड्यात मी या विषयावर बोलत असता एक वयोवृद्ध गृहस्थ उठून उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, माझ्या वडिलांनी नव्वदाव्या वर्षापर्यंत विडी ओढली, त्यांना काही झाले नाही. माझा धाकटा भाऊ निर्व्यसनी. सुपारीच्या खांडालाही तो कधी शिवला नाही. आणि तोच फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. मग तुमचे म्हणणे आम्ही खरे कसे मानावे ?" प्रश्न सरळ होता आणि रास्तही होता. त्या वेळी मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या गृहस्थांना उशिराने दिलेले उत्तर आहे, असे समजण्यास हरकत नाही.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तंबाखू ही आपल्या पूर्वजांनी अनादिकालापासून सेवन केलेली वस्तू नव्हे. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यास लागली. अकबर बादशहाचा वकील असद बेग हा विजापूरच्या आदिलशाही दरबारी आला होता. सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी त्याने विजापुराहून तंबाखू आणि हुक्का नेऊन बादशहापुढे ठेविला, आणि तेव्हा दरबारच्या हकिमाने त्यास विरोध केला, असे त्यानेच लिहून ठेविले आहे. आपली मिरज त्या काळी याच आदिलशाहीत होती. म्हणजे हा पाहुणा आपल्याकडे येऊन फार तर सव्वाचारशे वर्षे झाली. आणि तो आला त्याच दिवसांत एका वैद्याला त्याच्याविषयी शंका आली होती.

परंतु शंका निराळी आणि पुरावा निराळा. विलायतेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढू लागली. असे का व्हावे ? कोणी मोटारींच्या धुरास दोष देई, कोणी रस्त्यांवर पसरलेल्या डांबरास. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी लंडनमधील २० रुग्णालयांत चौकशी आरंभिली. डॉल यांचा स्वतःचा संशय प्रथम डांबरावरच होता, आणि ते स्वतः सिगारेट ओढीत असत. चौकशीची रीत अशी : फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या प्रत्येक रुग्णामागे त्याच वयोगटाचा, परंतु दुसऱ्याच दुखण्याने आलेला एक रुग्ण घ्यावयाचा आणि दोघांनाही तेच प्रश्न विचारावयाचे. शाळेतील दोन तुकड्यांना एकच प्रश्नपत्रिका द्यावी, तसाच हा प्रकार.

१९५० साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कर्करोग झालेले ६४९ पुरुष होते. त्यांत कधीच धूम्रपान न केलेले केवळ २ निघाले. दुसऱ्या दुखण्यांच्या ६४९ पुरुषांत असे निर्व्यसनी २७ निघाले. कोणी म्हणेल, दोन काय आणि सत्तावीस काय, मोठा फरक तो कोणता ? परंतु त्या वेळी लंडनमध्ये बहुतेक सर्वच पुरुष धूम्रपान करीत होते, हे विसरू नये. अशा गावात न ओढणारा मुळातच विरळा. आणि कर्करोग्यांच्या रांगेत तर तो जवळजवळ नाहीसाच झाला होता. शिवाय, दिवसाकाठी पुष्कळ सिगारेटी ओढणारे कर्करोग्यांत अधिक प्रमाणात सापडले. त्याच वर्षी अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम या दोघांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. चौकशी पुरी होण्यापूर्वीच डॉल यांनी आपली सिगारेट टाकली. पुढे ते ९२ वर्षे जगले.

तरीही शंकेखोरांचे समाधान झाले नाही. आजारी मनुष्य आपल्या मागच्या सवयी फुगवून सांगत असेल, असा त्यांचा आक्षेप होता. त्यावर उपाय एकच : निरोगी माणसांच्या सवयी आधी लिहून ठेवावयाच्या आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. १९५१ साली डॉल व हिल यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांनाच पत्रे पाठविली. सुमारे ४०,००० जणांची उत्तरे आली. त्यांतील पुरुषांची नोंद पुढे ५० वर्षे ठेवण्यात आली आणि तिचा अखेरचा वृत्तान्त २००४ साली प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या कर्करोगाने दर लाख माणसांत दरसाल किती मृत्यू झाले, ते ऐका. कधीच न ओढणारांत १७. दिवसाला १४ पर्यंत सिगारेटी ओढणारांत १३१. १५ ते २४ ओढणारांत २३३. आणि २५ किंवा अधिक ओढणारांत ४१७.

माझी विनंती आहे की, हे चार आकडे श्रोत्यांनी कागदावर टिपून घ्यावेत. कारण त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर यांतच आहे. लाखातील ४१७ वजा केले, म्हणजे ९९,५८३ उरतात. अतिशय धूम्रपान करूनही त्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने न मेलेले इतके लोक असतात. त्या गृहस्थांचे वडील याच मंडळींतले. आणि कधीच धूम्रपान न करणारांतही १७ जण जातातच. त्यांचा निर्व्यसनी भाऊ त्यांतला. त्यांची दोन्ही उदाहरणे खरी आहेत, आणि शास्त्राचे म्हणणेही खरे आहे. दोहोंत यत्किंचितही विरोध नाही. शास्त्र असे म्हणतच नाही की, जो ओढील त्यास कर्करोग होईलच आणि जो ओढणार नाही त्यास तो होणारच नाही. ते एवढेच म्हणते की, १७ आणि ४१७ हे आकडे सारखे नाहीत. एकाच्या ठिकाणी जवळजवळ पंचवीस मरतात.

हीच गोष्ट आपल्याकडील अनुभवाने सांगावयाची झाली, तर कृष्णेच्या पुराचे उदाहरण घ्यावे. सांगलीस आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेले की धोक्याची पातळी ओलांडली असे मानतात. म्हणून काय ४६ व्या फुटास गावातील सगळी घरे बुडतात ? नाही. परंतु फुटाफुटाने बुडणाऱ्या घरांची संख्या वाढत जाते, आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा काय झाले, ते आपण पाहिले आहे. त्या पुरात ज्याचे घर वाचले, त्याने पूर निरुपद्रवी आहे असे म्हणू नये. रोजची विडी आणि रोजची सिगारेट ही पाण्याच्या पातळीत भर घालीत असते. आपले घर उंचावर आहे की सखलात, हे मात्र आधी कोणालाच ठाऊक नसते.

आता हा धूर शरीरात जाऊन करतो तरी काय, हे पाहू. तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रासायनिक द्रव्ये आढळली असून त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगकारक ठरली आहेत. आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे, आणि प्रत्येक पेशीत तिने केव्हा वाढावे व केव्हा थांबावे याची जणू एक लिखित आज्ञा असते. धुरातील बेंझोपायरीनसारखी द्रव्ये त्या लेखाला चिकटतात आणि त्यात चुका करतात. पेशी त्या चुका दुरुस्त करीत असते. परंतु दिवसातून वीस वेळा, वर्षानुवर्षे चुका होत राहिल्या, म्हणजे एखादी दुरुस्तीवाचून राहून जाते. ज्या आज्ञेने पेशीची वाढ थांबावयाची, नेमकी तीच खोडली गेली, तर ती पेशी बेबंद वाढू लागते. हाच कर्करोग. पेशींच्या वाढीस लगाम घालणाऱ्या एका महत्त्वाच्या जनुकात फुप्फुसाच्या कर्करोगात ज्या जागी बिघाड आढळतो, नेमक्या त्याच जागी धुरातील हे द्रव्य चिकटते, असे १९९६ साली प्रयोगाने दिसून आले.

हे सर्व एका दिवसात घडत नाही. धूम्रपानास आरंभ झाल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत बहुधा वीस-तीस वर्षे लोटतात. शेतात पेरलेले चार महिन्यांत उगवून हाती येते, म्हणून कोणत्या बियाण्याचे कोणते पीक, हे शेतकऱ्यास कळते. पेरणी आणि सुगी यांत पंचवीस वर्षांचे अंतर असते, तर तेही त्यास कळले नसते. तंबाखूच्या बाबतीत आपली फसगत होते ती येथेच. शिवाय, विष केवळ फुप्फुसातच राहते असेही नाही. रक्तात मिसळून ते सर्व देहभर फिरते. म्हणूनच स्वरयंत्र, अन्ननलिका, स्वादुपिंड, मूत्रपिंड आणि मूत्राशय यांचा कर्करोगही धूम्रपान करणारांस अधिक होतो. स्वतः न ओढणाराही यातून सुटत नाही. जपानात हिरायामा यांनी १९८१ साली दाखवून दिले की, स्वतः धूम्रपान न करणाऱ्या परंतु ज्यांचे पती पुष्कळ ओढतात, अशा स्त्रियांना फुप्फुसाचा कर्करोग अधिक होतो.

"हे सारे साहेबांच्या सिगारेटचे झाले, आमच्या विडीचे काय?" असा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. विडीत तंबाखू थोडी असते हे खरे. परंतु तिचे पान सिगारेटच्या कागदाप्रमाणे हवा आत येऊ देत नाही, आणि ती विझू नये म्हणून वारंवार झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे थोड्या तंबाखूचाही भरपूर धूर छातीत जातो. २००८ साली आपल्याच देशातील सुमारे ११ लाख घरांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यात सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे १० वर्षांनी, तर विडी ओढणाऱ्यांचे सुमारे ६ वर्षांनी कमी भरले. विडी सिगारेटहून सौम्य म्हणावी, तर ती याच अर्थाने ! आणि हे सर्व मृत्यू कर्करोगाचे नसतात. क्षय, हृदयविकार व श्वासाचे विकार यांचाही त्यांत मोठा वाटा असतो.

तथापि आपल्या प्रांतात धुरापेक्षाही मोठा प्रश्न चघळण्याच्या तंबाखूचा आहे. २०१६–१७ सालच्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढ माणसांपैकी धूम्रपान करणारे शेकडा ३.८ आढळले, तर तंबाखू खाणारे अथवा दातांना लावणारे शेकडा २४.४. म्हणजे चौघांत जवळजवळ एक. यात धूर नाही, म्हणून अपायही नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. ती सर्वथा चुकीची आहे. तंबाखूचे पान वाळविताना व मुरविताना त्यात नायट्रोसमाईन नावाची कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. ती निर्माण होण्यास आगीची गरज लागत नाही. चुन्याच्या योगाने निकोटीन अधिक लवकर रक्तात उतरते आणि तोंडाची नाजूक त्वचा सोलवटते. ज्या गालफडात बार भरून ठेवण्याची सवय, बहुधा त्याच जागी रोग उद्भवतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील संघवी, राव आणि खानोलकर यांनी १९५५ सालीच ओढणे आणि चघळणे या दोहोंचाही तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला होता. पुढे पुणे जिल्ह्यातील खेड्यांत एक लाखाहून अधिक लोकांची तोंडे तपासण्यात आली व १९७२ साली तो वृत्तान्त प्रसिद्ध झाला. कर्करोगापूर्वी उठणारे पांढरे चट्टे मुख्यत्वे तंबाखू सेवन करणारांतच आढळले. मिसरी लावणाऱ्या माझ्या भगिनींना व्यसनी म्हटले, तर त्यांना राग येईल, कारण ती दंतमंजनाच्या नावाखाली घरात येते. परंतु दिवसातून चार वेळा दात घासल्यावाचून डोके दुखते, ते दातांच्या काळजीने नव्हे !

आपल्या सांगली जिल्ह्याने या रोगाचा घाव सर्व महाराष्ट्रादेखत सोसला आहे. तासगाव तालुक्यातील अंजनीचे सुपुत्र, ग्रामस्वच्छतेची चळवळ गावोगाव नेणारे आर. आर. पाटील हे १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने मुंबईत निवर्तले. वय अवघे ५७. त्यांना तंबाखूची सवय होती, हे जाहीर आहे. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, तेव्हा राज्याचे गृहखाते त्यांच्याकडेच होते. श्री. शरद पवार यांच्या तोंडावर २००४ साली याच रोगाची शस्त्रक्रिया झाली. तंबाखू व गुटख्यानेच आपल्यावर हा प्रसंग आणला, असे ते तेव्हापासून सभांतून स्वतः सांगत आले आहेत. हे मी कोणाच्या दोषाचा पाढा वाचण्यासाठी सांगत नाही. इतकी कर्तबगार, जाणती माणसेही जिच्यापुढे हतबल होतात, त्या वस्तूची पकड केवढी असली पाहिजे, एवढेच मला सुचवावयाचे आहे. ही पकड निकोटीनची. ते माणसाला खांबाशी बांधून ठेवते, आणि घात करतात ती बाकीची द्रव्ये. म्हणून व्यसनी माणसाची निर्भर्त्सना करून काही साधत नाही. तसेच कृष्णा-वारणेकाठी ज्यांनी तंबाखू पिकवून निपाणीच्या बाजारी नेली, किंवा ज्या बायकांनी विड्या वळून मुले वाढविली, त्यांनी पोटासाठी कष्ट केले. त्यांनाही दूषण देणे न्यायाचे नाही.

आता थोडे माझ्याविषयी सांगणे प्राप्त आहे. मी स्वतः तीस वर्षे विडी ओढली. मधल्या सुटीत विडीचा कट्टा आणण्यास मी वर्गातील एका चलाख मुलास दुकानी पाठवीत असे. आणि गुरुजींचे काम आपल्याला मिळाले, म्हणून तो आनंदाने धावत जाई. त्या काळी यात कोणास वावगे वाटत नसे. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकण्यास आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती विकण्यास मनाई केली, ती फार पुढची गोष्ट. तो मुलगा मोठा झाला, संसारास लागला, आणि चाळिशी उलटण्यापूर्वीच गालाच्या कर्करोगाने गेला. त्याच्या समाचारास मी गेलो होतो. त्याला बोलता येत नव्हते. उशाशी पाटी होती. तीवर त्याने लिहिले, "गुरुजी, तुम्ही सोडली का ?"

मी तोपर्यंत सोडली नव्हती. त्या दिवसापासून सोडली. तेव्हा माझे वय एक्कावन्न होते.

माझ्यामुळे त्याला व्यसन लागले काय ? एका उदाहरणावरून कारण ठरत नाही, असे मी आताच सांगितले. त्या न्यायाने मी दोषी ठरत नाही. परंतु त्याच न्यायाने मी निर्दोषही ठरत नाही. कोणत्या झुरक्याने कोणता कर्करोग झाला, हे सांगता येत नसल्यामुळेच, मुलांच्या हाती तंबाखू देणाऱ्या कोणासही "त्यात माझा हात नव्हता" असे छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. गणित शिकविणाऱ्यास हे गणित उशिरा उमगले.

परंतु हे भाषण मला दुःखात संपवावयाचे नाही. कारण त्या ब्रिटिश डॉक्टरांच्या नोंदीतूनच एक आशेची गोष्टही निघाली आहे. आयुष्यभर ओढीत राहणारे सरासरीने १० वर्षे आधी जातात. परंतु ज्यांनी साठाव्या वर्षी सोडली, त्यांना सुमारे ३ वर्षे परत मिळाली. पन्नासाव्या वर्षी सोडणारांस ६, चाळिसाव्या वर्षी सोडणारांस ९, आणि तिसाव्या वर्षी सोडणारांस जवळजवळ सर्व १०. पूर ओसरला तरी भिंतींची ओल काही काळ राहते, तसा धोका काही वर्षे राहतो खरा. पण तो ओसरू लागतो. कारण दूर केल्याने कार्य घटते, यापरता कार्यकारणाचा दुसरा भक्कम पुरावा कोणता ? म्हणून "आता या वयात सोडून काय उपयोग ?" हे वाक्य आपल्या घरी कोणास बोलू देऊ नका.

सोडू इच्छिणारास केंद्र सरकारची १८००-११-२३५६ या दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य मदत मिळते. ज्यांना ही सवय आहे, त्यांनी महिन्यातून एकदा आरशापुढे उजेडात तोंड उघडून पाहावे. पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत बरा न होणारा व्रण, उभी तीन बोटे आत जाणार नाहीत इतके तोंड आखडणे, बसलेला आवाज, गिळताना अडथळा अथवा खोकल्यातून रक्त, यांपैकी काहीही दिसल्यास दुखत नाही म्हणून थांबू नये. आरंभी हा रोग दुखत नाही, आणि आरंभीच तो बरा होण्याचा संभव अधिक असतो. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली जेथे रुग्णालय काढले, ती मिरज आपल्याला दूर नाही. कऱ्हाडही दूर नाही.

आणि एक शेवटची विनंती. आज घरी पाहुणा आला, तर पाण्याचा तांब्या अवश्य पुढे करा, गुळाचा खडा द्या. चंची मात्र खुंटीलाच राहू द्या. आदरातिथ्यात त्याने काही उणे पडणार नाही. आणि घरातील मुलास दुकानी पाठवावयाचे झाल्यास त्याला कशासाठी पाठवितो आहोत, याचा क्षणभर विचार करा. इतके सांगून मी आपली रजा घेतो.